रिकाम्या तलावाचे गाव

मोहबोडीच्या मोतीलाल नान्हेने कोणाचे म्हणणे पहिल्या खेपेला खरे मानले, असे सांगणारा माणूस गावात सापडणार नाही. दूधवाला, डॉक्टर, हवामानाचा अंदाज, सोयरे, सगळे त्याच्या लेखी सारखेच. मच्छीमार संस्थेत मत्स्यबीज आले, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी माशांची पिल्ले, की गाडीवाला "रोहू आहे काका" म्हणून शपथ घेतो. मोतीलाल तरीही पिशवीत हात घालतो, एकेक पिल्लू उन्हात धरून पाहतो आणि मगच तलावात सोडू देतो. त्याचा जुना जोडीदार गोमाजी म्हणतो, "मोतीलाल आपल्या सावलीलेबी आधार कार्ड मांगते."

गावाची पारख करण्याची त्याची रीत तर साऱ्या साकोली तालुक्यात माहीत होती. थोरल्या मुलीला आसगावकडचे स्थळ आले तेव्हा तो न कळवता, खांद्यावर जाळे टाकून त्या गावी गेला. मुलाच्या घराकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. सरळ तलावावर गेला. पाळीवर बेशरमाची झुडपे माजली आहेत का, शेतात पाणी सोडायच्या तुडुमातून पाणी झिरपते का, पाळीवरची माती कोणी घरी खणून नेली आहे का, एवढे पाहिले आणि परत आला. ज्या गावाला आपला तलाव एकत्र सांभाळता येतो, तिथे परक्याच्या लेकीचे ऐकून घेणारे चार लोक असतात, असे त्याचे मत होते. याच रीतीने त्याने त्याआधी सरकारी नोकरीवाला एक मुलगा नाकारला होता. त्याची बायको सखाबाई अजून टोमणा मारते, "नवरदेव पाहाले धाडलं होतं, हे बेशरम पाहून आले."

या संशयी स्वभावाला कारण होते. मोतीलाल शाळेत जात होता तेव्हा ऐन श्रावणात मोहबोडीच्या तलावाची पाळ फुटली. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी बांधलेला तलाव सकाळपर्यंत तळाला गेला. पहिल्या दिवशी सारे गाव धानाच्या बांध्यांत मासे वेचत होते, पोरे हसत होती, घरोघर कढया चढल्या होत्या. पुढच्या वर्षी धान लागले नाही, मासोळी नाही, आणि मासेमार धिवरांची निम्मी घरे कुलूप लावून कामठीकडच्या विटाभट्ट्यांवर गेली. मोतीलालचा बापही त्याला घेऊन गेला. परत आले तेव्हा घरावरची कवेलू, म्हणजे कौले, दुसऱ्याच्या घरावर होती. तेव्हापासून पाण्याच्या दिवसांत कुठल्याही तलावाचा तळ दिसला की मोतीलाल पाळ कुठे फुटली ते शोधत फिरे.

अशा माणसाची धाकटी मुलगी नीतू नर्स झाली, नागपूरला नोकरीत असताना जर्मन भाषा शिकली आणि एका एप्रिल महिन्यात जर्मनीतल्या लिंडनवाइहर नावाच्या खेड्यात, वृद्धांच्या आश्रमात कामाला गेली. मोतीलालने नोकरी लावणाऱ्या संस्थेच्या माणसाला इतके प्रश्न विचारले होते की शेवटी त्या माणसाने पाणी मागितले. तरीही मोतीलालचे समाधान झाले नव्हते. जाताना नीतूने एक अट मान्य केली होती. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि सगळ्यांत आधी गावाचा तलाव दाखवायचा.

"तलाव नसला तं?" तिने विचारले होते.

"तं वापस येजो."

नशीब असे की तलाव होता, आणि तोही आश्रमाच्या खिडकीखालीच. पहिल्याच रविवारी मोतीलालने फोन धरलेला धनराजचा हात इकडेतिकडे ओढत तो तलाव बारकाईने पाहिला. धनराज त्याचा मुलगा, साकोलीच्या मोबाइल दुकानात कामाला. पाळ सरळ, वरचे गवत कापलेले, काठाला रांगेत झाडे. पाणी वाऱ्याने हलत होते.

"मासे हायेत?" मोतीलालने विचारले.

"हायेत ना बाबा. कार्प म्हणतात. आपल्या सायप्रिनसवानी."

"पाळीवरचं गवत कोन कापते?"

"गावातलेच लोक."

मोतीलालने धनराजचा हात सोडला. त्याच्या घरी याला पसंती म्हणतात.

पुढचे रविवार त्या गावाची उलटतपासणी करण्यात गेले. गाव चारशे लोकांचे. चर्च सहाशे वर्षांचे, तलावही तितकेच जुने, संन्याशांनी खोदलेले, एकाखाली एक. कधीकाळी तीस वर्षे चाललेल्या लढाईत गाव जळून अकरा घरे उरली होती. आता शाळा बंद झालेली, बेकरी बंद झालेली, पावाची गाडी बाहेरून येते. रविवारी कोणी घरात हातोडासुद्धा मारत नाही. कचऱ्याच्या पेट्या चार, आणि शेजारचा म्हातारा झाकण उचलून नीतूने कोणता कचरा कुठे टाकला ते पाहतो.

"आपल्या कचऱ्यात त्याले काय पाहाचं हाय?" मोतीलालने लगेच विचारले.

"नियम हाय बाबा."

"नियम नसते ते. नजर ठेवते."

मे महिन्यात मात्र एक गोष्ट त्याला आवडली. गावातल्या पोरांनी सणासाठी जंगलातून उंच झाड तोडून आणले, सोलून रंगवले, आणि चौकात उभे करण्याआधी त्याच्यावर आळीपाळीने पहारा ठेवला. शेजारच्या गावाची पोरे ते पळवून नेतात आणि मग बियर पाजल्याशिवाय परत देत नाहीत, अशी तिकडची रीत.

"पहारा ठेवते म्हणजे गाव जागं हाय," मोतीलाल म्हणाला.

"पोरं किती हायेत पर?" गोमाजी बाजूला बसून ऐकत होता. "मले तं सगळे बुढेच दिसून राहिले."

हे वाक्य मोतीलालच्या डोक्यात राहिले.

ऑक्टोबरात इकडे धान लोंबीवर आले होते आणि मोहबोडीचा तलाव पाळीपर्यंत भरला होता. त्या रविवारी नीतूने हसत फोन लावला आणि रीतीप्रमाणे खिडकीकडे फिरवला. मोतीलालला आधी वाटले, भलतीच जागा दाखवते आहे. पाण्याच्या जागी काळा गाळ होता. मधोमध एक बारीक नाली, तीत ओंजळभर चमक. काठाची झाडे तीच होती.

"पाळ फुटली?" त्याने फोन ओढून घेतला.

"नाही बाबा, सोडलं पाणी. काल मासे काढले. पूरं गाव आलं होतं तलावावर, लहानमोठे सगळे. मासे तळले, बाजा वाजवला. दरवर्षी सोडतात म्हणे."

"भरला तलाव कोनी सोडते का? येडे हायेत का ते?"

"बाबा, ड्यूटी हाय माही. मंग बोलतो."

स्क्रीन काळी झाली. मोतीलालने फोन धनराजला दिला आणि तो पाळीवर जाऊन बसला. पाठोपाठ गोमाजी आला. मोतीलालने त्याला सगळे सांगितले.

"दरवर्षी सोडतात, हे पोट्टीले सांगतलं कोनं?" गोमाजीने विचारले.

"तिथल्याच लोकायनं."

"ते तं सांगतीनच. शाळा बंद, पाव बाहेरून येते, पोट्टं दिसत नाही. आता पानी सोडलं. मालकानं गावच विकलं असल गा."

"अन् आश्रमातले बुढे?"

"बुढ्यायले नेतीन त्याइचे लोक. तुह्या पोट्टीले कोन नेते?"

मोतीलालला पहिल्या दिवशीचे मासे आठवले. सारे गाव तलावावर, सगळे हसताहेत, कढया चढल्या आहेत. हे त्याने पाहिलेले होते. यानंतर काय होते तेही पाहिलेले होते. नीतू ऋतू ओळखणारी धिवराची पोर, पण तिने पाळ फुटलेली पाहिली नव्हती.

एक अडचण होती. दिवाळीनंतर नीतूची मोठी परीक्षा होती. अजून ती तिकडे मदतनीस म्हणून काम करत होती. परीक्षा पास झाली तर पक्की नर्स होणार. परीक्षा हुकली तर तिचा परवाना संपणार आणि सगळे शिकणे वाया जाऊन तिला परत यावे लागणार. नुसते "ये" म्हटल्याने ती येणार नाही, हे मोतीलालला माहीत होते. म्हणून त्याने धनराजला निरोप लिहायला सांगितला की आई आजारी आहे.

धनराजने फोन खिशात टाकला. "बाबा, परीक्षा हाय तिची."

"गावच नाही राहिलं तं परीक्षा कोन घेते?"

"परीक्षा शहरात असते. अन् मायले विचारलं का?"

"तिले कायले विचाराचं? बिमार मी थोडीच पाडून राहिलो तिले."

धनराजने ऐकले नाही. मग मोतीलालने सखाबाईचाच फोन चार्जिंगवरून काढला आणि आवाजात निरोप धाडायचे बटण दाबून धरले. ते त्याला येत होते. "नीतू, तुही माय बिमार हाय. तिकीट काढ अन् ये," एवढे बोलून त्याने बोट उचलले. बोलताना मधे खोकलाही काढला. आजारी आई होती, खोकला बापाला कशाला, हे त्याच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी एकोडीचा बाजार होता. सखाबाई सकाळीच मासे घेऊन गेली होती. दुपारी ती परतली, रिकामी टोपली भिंतीला लावली, पाय धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"माही तब्येत कसी हाय?" तिने विचारले.

मोतीलाल जाळे विणत होता. त्याची सुई थांबली.

"नाही, तुमालेच माईत असल म्हणून विचारलं," सखाबाई म्हणाली. "मी बाजारात कटला कापून राहिली होती, हातात विळा, समोर गिऱ्हाईक. पोट्टीचा फोन आला. म्हणते, माय, तू दवाखान्यात हायेस का? मी म्हणलं, मी मासोळीबाजारात हावो बाई, तू कुठं हायेस?"

"रडत होती का?" मोतीलालने खाली पाहून विचारले.

"रडल कायले? तिले निरोप ऐकल्याबराबर शंका आली. म्हणे, माय खरंच बिमार असती तं बाबानं आधी डाक्टरची तक्रार केली असती. डाक्टरचं नावच नाही म्हणजे हे खोटं हाय." सखाबाईने पदराने तोंड पुसले. "पोट्टी तुमच्यावर गेली. तिलेबी कोनाचं खरं वाटत नाही. पर बाजूच्या बाया ऐकत होत्या ना. आता साऱ्या बाजाराले माईत झालं, मी बिमार हावो म्हणून."

"त्या गावाचा तलाव रिकामा हाय."

"हाय तं हाय. मी या घरात आली तेव्हा तलाव पाहून आली होती का? तुमचा बापच भट्टीवरून आलेला, घरावर कवेलू नोयते. तुमच्या हिशेबानं तं मी यालेच नोको होती."

सखाबाई उठताना म्हणाली, "रविवारी ती फोन करते. काय इचाराचं ते तिले सरळ इचारा. अन् माह्या जिवावर खोटं बोलू नोका."

रविवारी फोन आला तेव्हा नीतूचा चेहरा थकलेला होता. तिने भांडण केले नाही. तेच मोतीलालला जड गेले.

"बाबा, मी सांगीन ते तुमाले पटत नाही," ती म्हणाली. "म्हणून तुमाले जे इचाराचं ते या आजीले इचारा. एलफ्रिडा आजी. पंच्याऐंशीच्या वर हाय. याच गावात वाढली."

फोन फिरला. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक बारीक म्हातारी बसली होती, मांडीवर घोंगडी. तिने मोतीलालकडे असे पाहिले, जसे तो मत्स्यबीजाकडे पाहतो. मग ती बरेच काही बोलली.

"काय म्हणते?" मोतीलालने विचारले.

नीतू घुटमळली. "म्हणते, खोटा निरोप धाडणारे तुमीच का."

"ती तं लय वेळ बोलली. तू एवढंच सांगतलं."

"बाकीचं तसंच होतं, बाबा."

नीतूने त्याचे बोलणे तिकडे सांगितले. म्हातारीने बोट उगारून पुन्हा काही म्हटले आणि नीतूला हसू फुटले. "म्हणते, तुमीबी लय बोलले अन् मी तिले थोडंच सांगतलं. तिलेबी माह्यावर भरोसा नाही."

मोतीलाल जरा पुढे सरकला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे गाव तुमचं हाय का?"

उत्तर यायला वेळ लागला, कारण म्हातारी थांबत थांबत बोलत होती आणि नीतू सांगत होती. गाव तिचे नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडून लाखो लोकांना घरे सोडावी लागली, त्यात सहासात वर्षांची एलफ्रिडा आईबापांबरोबर बैलगाडीतून इथे आली. सरकारने गावातल्या घरांना सांगितले, एकेक खोली या लोकांना द्या. गावाने खोल्या दिल्या आणि बटाटे लपवले. कोणाचे काही हरवले की आधी यांच्या खोलीत शोध. मासे काढायला तलाव सोडला, की यांनी दोरीच्या मागे उभे राहायचे. एकदा मासे नेणाऱ्या गाडीतून एक मासा रस्त्यावर पडला. एलफ्रिडाच्या आईने तो उचलून तलावाच्या मालकाला नेऊन दिला. मालकाने मासा घेतला आणि तरी तिचा एप्रन झाडून पाहिला.

"मंग?" मोतीलाल म्हणाला.

मग काही वर्षांनी एका ऑक्टोबरात जाळे ओढायला माणूस कमी पडला आणि मालकाने एलफ्रिडाच्या बापाला हाक मारून जाळ्याचे टोक त्याच्या हातात दिले. त्या दिवसापासून घरी शोध घ्यायला कोणी आले नाही.

मोतीलालने मागे वळून सखाबाईकडे पाहिले. जाळ्याचे टोक कोणाच्या हातात द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने टोक हातातून काढून घेतलेली माणसे गावात अजून त्याच्याशी बोलत नव्हती.

"पानी कायले सोडतात ते इचार," तो म्हणाला.

म्हातारीने सांगितले. पाणी हळूहळू सोडतात, म्हणजे मासे आपोआप तुडुमापाशी खोल डबक्यात जमतात. मोठे विकायला, लहान दुसऱ्या खोल तलावात, हिवाळाभर. रिकामा तळ थंडीत गोठतो, कीड मरते, गाळाला दम मिळतो. तिकडे धान नाही, म्हणून पाण्याची दुसऱ्या कोणाला गरज नाही. सोडलेले पाणी खालच्या तलावात जाते.

"अन् वापस भरते कायनं?"

"वरून ओढा येते. मार्चात बर्फ वितळला का भरते."

"नाही वितळला तं?"

नीतूने विचारले. म्हातारी पहिल्यांदा हसली. "म्हणते, माही मायबी दरवर्षी हेच इचारे."

मोतीलाल हसला नाही. म्हातारीही पुन्हा गंभीर झाली आणि तिने आपले म्हणणे मांडले. नीतूआधी तीन मुली इथे आल्या होत्या. तिघींनी शिकून घेतले आणि मोठ्या शहरांत निघून गेल्या. आता ही चौथी. तिचा बाप तिला खोटे बोलून बोलावतो हे कळल्यापासून म्हातारी रोज सकाळी दुसऱ्या नर्सला विचारते, नीतूची बॅग कपाटावरच आहे का.

"माही बॅग पाहाले लावते?" नीतूला हे आत्ताच कळले होते. मोतीलाल मात्र त्या म्हातारीकडे नव्या नजरेने पाहत होता. पोरीवर कोणी नजर ठेवून आहे याची त्याला चीड आली होती, आणि कोणीतरी ठेवून आहे याचे बरेही वाटले होते. पण अडचण सुटली नव्हती. पाणी भरणार मार्चात. परीक्षा दिवाळीनंतर.

"भरलेला पाह्यल्याबिगर मी मानत नाही," तो म्हणाला.

"मंग मी काय करू बाबा? मार्च आधी आणू?"

मागून सखाबाई म्हणाली, "पोट्टी बरोबर बोलून राहिली." मोतीलालने डोके खाजवले.

"तुडूम दाखव," तो म्हणाला. "जिथून पानी सोडलं ते. जवळ जा."

नीतूने कोट घातला आणि ती फोन घेऊन खाली गेली. वाऱ्याचा आवाज आला, पाळीवरचे गवत दिसले, मग सिमेंटचा उभा खांब. त्यात खाचा होत्या. या खाचांत लाकडी पाट्या एकावर एक बसवतात म्हणजे पाणी अडते, आणि वरून एकेक काढली की पाणी उतरते, असे तिने सांगितले. खांबाजवळ रबरी बूट घातलेला एक माणूस बसला होता आणि रविवार म्हणून आवाज न करता त्या पाट्या ब्रशने घासून धूत होता. गाळाने माखलेल्या पाट्या एका बाजूला, धुतलेल्या दुसऱ्या बाजूला झोपडीच्या भिंतीला टेकवलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला पटाशीने खूण केलेली, म्हणजे कोणती कोणाच्या वर हे चुकू नये.

"थांब," मोतीलाल म्हणाला. "ते शेवटची पाटी दाखव. ते पांढरी."

नीतू फोन घेऊन खाली वाकली. बाकीच्या पाट्या पाण्याने काळ्या झालेल्या होत्या. ही एक ताज्या लाकडाची होती, तिच्यावर रंध्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

"इचार, कवाची हाय?"

नीतूने त्या माणसाला विचारले. "जुनी सडली होती म्हणे. परवा नवी केली. मार्चात लावाची हाय."

मोतीलाल स्क्रीनकडे बघत राहिला. गाव सोडून जाणारे लोक कवेलूसुद्धा उतरवून नेतात. जे गाव उठणार असेल, त्याच्या तुडुमाला कोणी नवे लाकूड तासून ठेवत नाही, वर त्याच्यावर खूण करून धुऊन रचत नाही. हा एवढा पुरावा कोणी मुद्दाम त्याच्यासाठी उभा केला असेल का, याचाही त्याने विचार केला, आणि तो सोडून दिला.

"पाट्या कुठं ठेवतात?"

"इथंच. या झोपडीत. कुलूप हाय."

"चाबी कोनाजवळ रायते, इचार."

नीतूने विचारले. माणसाने ब्रश खाली ठेवला, फोनकडे पाहिले, मग नीतूकडे, आणि एकच छोटे वाक्य बोलला.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमाले कायले पाहिजे?"

मोतीलालने मान डोलावली. "बरोबर माणूस हाय," तो म्हणाला. "तू परीक्षा दे."